रक्त आलं की रियाज झाला

फ्लेक्सवरच्या मामाच्या तोंडात सगळे दात होते. रक्षाविसर्जनाच्या दिवशी गडहिंग्लजहून नेसरीच्या एसटीत बसले, गावात उतरले आणि चौकात पहिलं दर्शन झालं ते त्याचं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली ‘क्लॅरिनेटचे बादशहा केरबा मास्तर’, आणि मामाच्या चेहऱ्याच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला, आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा चेहरा. तीन दिवसांपूर्वी मामीचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. ‘‘संगे, मामा गेला तुझा. च्या प्याला, कप खाली ठेवला, आन् बसल्या जागी गेला की गं,’’ एवढंच ती बोलली होती. त्या दिवशी मी रडले ते रडले. पण फ्लेक्स बघितला आणि रडू कुठल्या कुठे पळालं. तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो फोटो कुठला आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मोफत दंत शिबिरात मामाला कवळी बसवली, त्या दिवशी स्टेजवर उभं करून काढलेला तो फोटो. ज्या माणसानं मामाची कला घालवली, तोच आता तिच्या नावानं हळहळत होता. चौकात उभी राहून मी जे बोलले ते पेपरच्या या पुरवणीत छापता येणार नाही.

माणूस गेल्यावर लोक त्याच्या स्वभावाबद्दल लिहितात, कर्तृत्वाबद्दल लिहितात. मी माझ्या मामाच्या हिरड्यांबद्दल लिहिणार आहे. कुणाला ते अशोभनीय वाटलं तर वाटू दे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, जंतूंवर माझं घर चालतं, आणि माझ्या सख्ख्या मामाच्या तोंडातल्या जंतूंनी त्याचं वाजवणं संपवलं. जंतूंना मी दोष देत नाही. त्यांना अक्कल नसते. ज्यांना होती त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि त्यात मीही आले.

मामाची शेती होती, दोन म्हशी होत्या, पण लग्नसराई सुरू झाली की तो शेतकरी उरायचा नाही. लाल कोट, सोनेरी फीत, डोक्यावर तुरा आणि हातात काळं क्लॅरिनेट. बँडमध्ये ढोल, ताशे, ट्रम्पेट सगळं असतं. पण गाणं गातं ते क्लॅरिनेट, म्हणून ते वाजवणारा तो मास्तर. वरात नवरीच्या दारात आली की मामा बाकीच्यांना हातानं थांबवायचा आणि एकटा वाजवायचा. बिदाईची ती धून त्यानं कुठून आणली होती देव जाणे. चांगले मिशीवाले पावणे डोळे पुसताना मी बघितलेत. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होते, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी लागली की आईची आणि माझी रवानगी नेसरीला. सकाळी म्हशींच्या धारा झाल्या की मामा गोठ्यामागच्या सपरात, गवताच्या छपराखाली, रियाजाला बसायचा. तासाभरानं उठायचा तेव्हा पांढऱ्या रुमालानं ओठ टिपायचा, रुमाल उलगडून बघायचा, आणि त्यावर लाल ठिपका असला की समाधानानं मान हलवायचा. मी एकदा घाबरून आईला हाक मारली, तेव्हा तो हसला. ‘‘आगं, भ्यायला काय झालं? रक्त आलं की रियाज झाला म्हनायचा. माझा वस्ताद म्हनायचा, जेच्या हिरडीला रक्त न्हाय, त्यानं नुस्ती फुंकर मारली. वाजीवलं न्हाय.’’

हे वाक्य आमच्या भागातल्या बँडवाल्यांत वेदवाक्य आहे. नवा माणूस क्लॅरिनेट हातात घेतो, चार-सहा महिन्यांनी कधीतरी त्याच्या रुमालावर लाल डाग पडतो, आणि त्या दिवशी पेढे वाटतात. खरंच वाटतात! पुढचा नियम असा, की रक्त येतंय त्या जागी ब्रश लावायचा नाही, जखम उघडते. मिश्री लावायची, हिरडी ‘पक्की’ होते. तंबाखूनं काही दिवस रक्त कमी दिसतं, मग वस्ताद खूश, शिष्य खूश, आणि आत जे चालायचं ते चालूच. परत रक्त आलं की परत आनंद. आता मला सांगा, घरातला पत्रा गळायला लागला म्हणून कुणी पेढे वाटतं का? हिरडीतून रक्त येणं म्हणजे शरीर ओरडून सांगतंय की इथं सूज आहे, इथं काहीतरी साचलंय. आणि आमची माणसं त्या ओरडण्याला टाळ्या वाजवत होती.

हे सगळं मामाला सांगायची संधी मला मिळाली होती. मी नुकतीच कॉलेजात रुजू झाले होते. शिरोलीत एका कारखानदाराच्या घरचं लग्न होतं, मामाचा बँड तिथं होता, आणि मधल्या रिकाम्या वेळात हा पठ्ठ्या लाल कोट, सोनेरी फितीसकट थेट माझ्या प्रयोगशाळेत हजर. मुलं हरखली. मामा प्रत्येक बाटलीला ‘हे काय, ते काय’ करत हिंडला आणि सूक्ष्मदर्शकापाशी येऊन थांबला. मी सहज म्हटलं, ‘‘मामा, आ कर.’’ दातकोरणीनं त्याच्या खालच्या पुढच्या दाताच्या मुळाशी साचलेलं पांढरट-पिवळं चिमूटभर खरवडलं, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरलं आणि त्याला बघायला लावलं. एक डोळा मिटून तो बघत राहिला.

‘‘ही वळवळत्यात की गं... माझ्या तोंडात हायत ही?’’

‘‘सगळ्यांच्याच तोंडात असतात. तुझ्या तोंडात जरा जास्त आहेत.’’

‘‘आन् मी ह्याच तोंडानं देवाफुडं वाजीवतो?’’ त्यानं डोळा काढला. चेहरा पार उतरला होता. मुलं हसली, मीही हसले. त्याचं मला आज वाईट वाटतं.

मग मी त्याला समजावलं. छान समजावलं, मुलांसमोर, फळ्यावर चित्र काढून. दात घासले की काही तासांत त्यांच्यावर जंतूंचा पातळ थर चढायला लागतो. रोज नीट घासला तर निघून जातो. राहिला तर घट्ट होतो, लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं कीटण होतं. ते ब्रशनं निघत नाही. त्या खरखरीत कीटणावर आणखी जंतू बसतात. हिरडी सुजते, लाल होते, जरा धक्का लागला की रक्त. इथपर्यंत गेलेली गोष्ट मागे फिरवता येते, दात स्वच्छ केले की हिरडी पुन्हा धरते. नाही केले तर हिरडी दातापासून सुटून मध्ये खाच पडते, त्या खाचेत हवा पोचत नाही, आणि हवा न लागणाऱ्या जंतूंना तेच हवं असतं. त्यांच्याशी झुंजताना शरीराचीच फौज दात धरून ठेवणारं हाड झिजवत जाते. म्हणजे चोराच्या मागे लागलेल्यांनी घराची भिंतच पाडायची, असा प्रकार. दात मात्र धड असतो. कीड नाही, ठणका नाही. एक दिवस तो हलायला लागतो, बस्स. मामानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मग फुंकल्यानं येत न्हाय व्हय रक्त?’’ मी म्हटलं, ‘‘नाही मामा. फुंकून नुसतं बाहेर दिसतं. आत आधीपासून आहे.’’ चाळीस वर्षांचा अभिमान मी दहा मिनिटांत पुसला होता आणि वर त्याला म्हटलं, ‘‘गडहिंग्लजला दाताच्या डॉक्टरला दाखव हं.’’

दाखव हं! एवढंच. हात धरून नेलं नाही. गडहिंग्लज काही काळ्या पाण्यावर नव्हतं. उलट मी काय केलं, त्या काचपट्टीचा फोटो काढून ठेवला आणि पुढे दरवर्षी वर्गात दाखवत आले. ‘हे बघा, उपचार न केलेल्या हिरडीच्या रुग्णाच्या दातांवरचा थर.’ मुलं फोटो बघून ‘ईऽऽ’ करायची. माझ्या किती बॅचेस त्या फोटोवर शिकल्या! ज्याच्या तोंडातला तो थर होता, तो तिकडे तसाच वाजवत होता.

अर्थात मामा अगदीच गप्प बसला नव्हता. सराई संपल्यावर डॉक्टरकडे जायचं त्यानं मनावर घेतलंही होतं. पण बँडमधले जुने लोक आडवे आले. ‘‘मशीननं दात साफ केलं की दातात फटी पडत्यात मास्तर. फटी पडल्या की हवा फुटती. मग काय वाजीवणार, डोंबल?’’ हे त्यांचं म्हणणं. आणि यातली वाईट गोष्ट अशी, की त्यातलं अर्धं खरं आहे. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण काढलं की त्यानं बुजलेल्या फटी उघड्या पडतात, दातही काही दिवस मोकळे मोकळे वाटतात. फटी कीटणामागे आधीच असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात वाद्याच्या टोकावर टेकतात, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडलेला असतो. हवा जराही निसटली तर सूर चिरकतो. फटीचं भय मामासाठी खोटं नव्हतं. त्यानं मला फोन करून विचारलं असतं तर... पण त्यानं नाही विचारलं, आणि मीही कधी ‘जाऊन आलास का’ म्हणून विचारलं नाही. भाचीचा फळा पुसून झाला होता.

मग आला पुढाऱ्याचा वाढदिवस. रक्तदान, वह्यावाटप आणि मोफत दंत शिबिर. गाडीवर कर्णा लावून गावभर फिरले, ‘हलणारे दात मोफत काढून मिळतील, कवळी मोफत बसवून मिळेल.’ फुकटचं ते पौष्टिक. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. मामाचे तोवर पुढचे तीन-चार दात हलत होते. तो रांगेत बसला तो फक्त तेवढ्यासाठी. मामीनं मला नंतर सांगितलं की त्यानं डॉक्टरला हात जोडून विचारलं होतं, ‘‘सायेब, मी बँडमास्तर हाय. वाजवता यील न्हवं?’’ आणि डॉक्टरच्या आधी शेजारी उभा असलेला पुढाऱ्याचा, म्हणजे त्यांच्या ‘दादां’चा, कार्यकर्ताच बोलला, ‘‘मास्तर, पयल्यापेक्षा भारी वाजीवशीला. दादांची कवळी हाय ती!’’ त्या दिवशी सहा दात काढले. पुढच्या शिबिरात उरलेले, का तर अर्धी कवळी नीट बसत नाही, पूर्ण बसते. हिरड्या स्वच्छ करून त्यातले निम्मे तरी वाचले असते. पण दात वाचवण्याचा फोटो काढता येत नाही ना! काढलेल्या दातांची संख्या पेपरात देता येते, कवळी हातात देतानाचा फोटो येतो. वाचलेला दात तोंडातच राहतो, त्याचा सत्कार कोण करणार?

मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मी धावत गेले. मामानं दात कागदात गुंडाळून ठेवले होते, ते मी परसात उन्हात बसून एकेक बघितले. एकाही दाताला कीड नव्हती. एकाही! मुळांना हिरवट-काळं कीटण चिकटलेलं, वर दात खणखणीत. मी पुढाऱ्याच्या कार्यालयात फोन लावला. त्यांच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, फुकटात केलंय की. तक्रार काय हाय तुमची?’’ फुकट मिळालेल्या नुकसानीबद्दल तक्रार कुठल्या खिडकीवर करायची असते?

मामानं महिनाभर कवळी लावून वाजवायचा प्रयत्न केला. फुंक मारली की वरची कवळी उचलायची, सूर फाटायचा. कवळी काढून, नुसत्या हिरड्यांनी धरून बघितलं. दोन मिनिटांत हिरडी सोलायची. एका वरातीत नवरीच्या दारात त्यानं नेहमीसारखं सगळ्यांना थांबवलं आणि पहिलाच सूर असा निघाला की लोक हसले. त्यानं क्लॅरिनेट तिथल्या तिथे शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. तो शिवाप्पा. सीमेपलीकडच्या गावचा, घरात कानडी बोलणारा, बारा-पंधरा वर्षं मामाजवळ शिकलेला. ‘‘वाजीव,’’ मामा म्हणाला. शिवाप्पानं वाजवलं, आणि त्या दिवसापासून मास्तर तो झाला.

बँडवाल्यांनी मामाला काढलं नाही. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी नाकारत नाही. लाल कोट तसाच राहिला, फक्त हातात खुळखुळे आले. ज्याच्या एका इशाऱ्यावर वरात थांबायची, तो माणूस मागच्या रांगेत जनरेटरच्या गाड्याशेजारी खुळखुळे हलवत चालायचा. सहा वर्षं. मामी म्हणायची, ‘‘घरात बसा की आता.’’ तर म्हणायचा, ‘‘ताल तर हाय न्हवं हातात. सूर गेला म्हनून ताल सोडू व्हय?’’ एकदा शिरोलीला मी रस्त्याच्या कडेनं जात होते आणि समोरून वरात आली. बँड ओळखीचा होता. मी मागच्या रांगेकडे बघितलं, मामा दिसला, आणि मी बाजूच्या गल्लीत वळले. त्यानं मला बघितलं की नाही, माहीत नाही. त्याला लाज वाटेल म्हणून वळले, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. लाज माझी होती.

त्याचं हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं. हिरड्यांच्या आजाराचा हृदयाशी संबंध काय आणि किती, यावर मी तासभर बोलू शकते; पण मामा त्यानंच गेला असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. माझं म्हणणं साधं आहे. तो आत्ता गेला हे खरं, पण त्याचं वाजवणं सहा वर्षांपूर्वी गेलं, आणि ते जायचं काहीच कारण नव्हतं. ना म्हातारपण, ना नशीब. उत्तरकार्याच्या दिवशी मांडवात बसलेले लोक म्हणत होते, ‘‘वय झालं की दात जायचंच.’’ का म्हणून जायचे? केस पिकतात तसे दात पडत नाहीत हो. ते घालवावे लागतात.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर बँड आला. मास्तरला मानवंदना. शिवाप्पा मध्ये उभा राहिला, बाकीच्यांना त्यानं हातानं थांबवलं, अगदी मामासारखं, आणि ती बिदाईची धून वाजवली. मामी पदर तोंडाला लावून बसली होती. धून संपली, शिवाप्पानं रुमाल काढून ओठ टिपले आणि उलगडून बघितला. शेजारच्या म्हाताऱ्या ढोलवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘शाब्बास! मास्तराचं शिष्य शोभतंय बघा! रगात आलंय!’’ दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, मामी सांगते तेच सांगते. मी म्हणे भर मांडवात ओरडले, ‘‘टाळ्या कसल्या वाजवताय? खुळखुळे द्यायचेत काय ह्याच्या पण हातात?’’ उत्तरकार्यात बाईमाणसानं आवाज चढवावा, तोही कोल्हापूरच्या प्राध्यापिकेनं! ढोलवाला पुटपुटला, ‘‘ताई, वस्तादापास्नं चालत आलंय...’’ मी म्हटलं, ‘‘आणि वस्तादाच्या तोंडात मरताना किती दात होते, ते सांगा.’’ त्यानं मान खाली घातली. सगळ्यांना आठवत होतं. एकही नव्हता.

शिवाप्पाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं गडहिंग्लजला नेलं. या वेळी हात धरून. गाडीत तो एकच प्रश्न विचारत होता, ‘‘अक्का, हवा फुटली तर?’’ दवाखान्यात चाळिशीचा तो दांडगा गडी खुर्चीत असा आक्रसून बसला की डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांनी हिरड्या तपासल्या, सुई फिरवून खाचा मोजल्या आणि म्हणाल्या, ‘‘वेळेत आणलंत. हाड अजून फारसं गेलेलं नाही. तीन-चार खेपा लागतील. मिश्री मात्र आजपासून बंद.’’ नंतर दर खेपेला तो जातोय की नाही हे मी फोन करून विचारत राहिले. ‘दाखव हं’ म्हणायचं मी आता सोडलंय.

परवा त्याचाच फोन आला. फटी थोड्या दिसतात, पण हवा फुटत नाही. ओठ जरा वेगळा धरावा लागतो, आठ दिवसांत जमलं. आवाज खुशीत होता. मग मध्येच थांबला...

‘‘अक्का, रक्त थांबलं बगा. चार दिवस झाले, दोन-दोन तास वाजीवतोय. रुमाल पांढराच्या पांढरा. पन खरं सांगू काय? त्यो पांढरा रुमाल बगितला की जीव कसनुसा हुतोय. मास्तर आस्ते तर म्हटले आस्ते, शिवाप्पा आज वाजीवला न्हाईस. तोंड फिरवून गेले आस्ते.’’

मामाला मी ओळखत होते. फिरवून गेला असता, हे अगदी खरं. फोनच्या पलीकडे तो वाट बघत होता.

‘‘फिरवू दे तोंड,’’ मी म्हटलं. ‘‘तू वाजव.’’